पायात गुठळी नाही, मग धाप कशाची?

२ सप्टेंबर २०१७. अमेरिकेतल्या फ्लोरिडातलं एक रुग्णालय. पस्तिशीतली बाळंतीण, तातडीचं सिझेरियन होऊन जेमतेम एक दिवस झालेला. अचानक तिला श्वास पुरेनासा झाला. आई सोबतीला होती. ती घाबरू नये म्हणून ही बाई खोलीबाहेर आली, समोर दिसली त्या नर्सला गाठलं आणि धापा टाकत म्हणाली की मला कॉन्ट्रास्ट (रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून शिरेत सोडायचं द्रव्य) देऊन सीटी स्कॅन हवा आणि शिरेतून हेपरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, हवं, ताबडतोब. नर्सला वाटलं, वेदनाशामकांमुळे ही बरळते आहे. बाईने हेका सोडला नाही. थोड्या वेळाने डॉक्टर आले आणि त्यांनी सोनोग्राफीचं यंत्र तिच्या पायांवर फिरवायला सुरुवात केली. पायात काहीच सापडलं नाही. मग सीटी झाला. फुप्फुसांत रक्ताच्या लहान लहान अनेक गुठळ्या अडकलेल्या दिसल्या.

ही बाई म्हणजे सेरेना विल्यम्स. त्याच वर्षीच्या जानेवारीत, पोटात मूल असताना, तिने ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली होती. ते तिचं एकेरीतलं २३ वं ग्रँड स्लॅम विजेतेपद. इथे मात्र ती खेळाडू म्हणून नाही, रुग्ण म्हणून आपल्यासमोर आहे. हा सगळा प्रसंग तिने स्वतःच २०१८ च्या सुरुवातीला ‘व्होग’च्या मुलाखतीत आणि सीएनएनसाठी लिहिलेल्या लेखात, आणि पुन्हा २०२२ साली ‘एल’ मासिकात जाहीरपणे मांडला आहे. पायाच्या शिरांतल्या गुठळ्या आणि त्यातून फुप्फुसाला होणारा धोका समजावून सांगायला मला याहून चांगलं प्रकरण माहीत नाही. या आजाराची बहुतेक सगळी वळणं या एकाच बाईच्या आयुष्यात साडेसहा वर्षांच्या अंतराने दोनदा आली.

आधीचा आजार: म्युनिकमधली काच

जुलै २०१० मध्ये विम्बल्डन जिंकल्यावर काही दिवसांतच म्युनिकच्या एका रेस्टॉरंटमध्ये सेरेनाचा पाय फुटलेल्या काचेवर पडला आणि कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, कापली गेली. एक शस्त्रक्रिया झाली, ऑक्टोबरमध्ये दुसरी. दहा आठवडे पाय प्लास्टरमध्ये, पुढचे दहा आठवडे आधाराच्या बुटात. फेब्रुवारी २०११ मध्ये पायाच्याच दुखण्यासाठी ती न्यूयॉर्कला डॉक्टरांकडे गेली होती. तिथून लॉस एंजेलिसला परतल्यावर फुप्फुसात गुठळ्या असल्याचं निदान झालं. ती तेव्हा २९ वर्षांची होती आणि जगातल्या सर्वांत तंदुरुस्त स्त्रियांपैकी एक होती.

तंदुरुस्त माणसाला हे कसं होतं, असं लोक विचारतात. उत्तर पोटरीत आहे. पायातलं रक्त गुरुत्वाकर्षणाच्या उलट दिशेने हृदयाकडे चढवायचं काम हृदय एकटं करत नाही. चालताना पोटरीचे स्नायू आवळतात, स्नायूंच्या आत खोलवर असलेल्या शिरा पिळल्या जातात आणि रक्त वर ढकललं जातं. शिरांमधल्या झडपा ते खाली परतू देत नाहीत. पोटरीला दुसरं हृदय म्हणतात ते याचसाठी. पाय प्लास्टरमध्ये गेला की हा पंप बंद पडतो. कंडरा कापली गेली, दोनदा चिरफाड झाली, म्हणजे रक्तवाहिन्यांनाही इजा झाली. त्यावर पाच-सहा तासांचा विमानप्रवास, गुडघे मोडून बसलेल्या अवस्थेत.

जर्मन शास्त्रज्ञ रुडॉल्फ विरखॉ याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं की फुप्फुसाच्या रोहिणीत सापडणाऱ्या गुठळ्या पुष्कळदा तिथे तयार झालेल्याच नसतात. दूरच्या शिरांतून त्या वाहत आलेल्या असतात. आज त्याच्या नावाने तीन कारणं शिकवली जातात: रक्त साचून राहणं, रक्तवाहिनीच्या अस्तराला इजा होणं आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणं. २०११ च्या प्रसंगात यातली पहिली दोन तर उघडच दिसतात.

गुठळीचा रस्ताही समजून घेण्यासारखा आहे. पोटरीच्या खोल शिरेत, बहुधा झडपेच्या खोबणीत, ती धरते. वर वाढत गुडघ्यामागून मांडीच्या शिरेत जाते. तिचं टोक मोकळं, रक्तात हलणारं असतं. ते तुटलं की पुढे वाट रुंदच होत जाते: मांडी, ओटीपोट, पोटातली सर्वांत मोठी शीर, हृदयाचा उजवा भाग. इथपर्यंत अडायला जागाच नसते. पहिली चाळण लागते ती फुप्फुसांची, कारण तिथे रोहिणी फुटत फुटत बारीक होत जाते. तुकडा लहान असेल तर तो कडेला जाऊन बसतो, श्वास घेताना छातीत सुरी खुपसल्यासारखी कळ येते, कधी थुंकीत रक्त दिसतं. मोठा तुकडा दुभाग्यावरच अडकला तर हृदयाची उजवी बाजू बंद दारावर धडका देत राहते आणि काही मिनिटांत थकते. माणूस उठून बाथरूमला जातो आणि तिथेच कोसळतो, असं ऐकू येतं त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

बाळंतपणात काय वेगळं घडतं

एकदा गुठळी झालेल्या माणसाला ती पुन्हा होण्याचा धोका कायम इतरांपेक्षा जास्त राहतो. त्यात गरोदरपण आलं. या नऊ महिन्यांत हा धोका एरवीच्या चार ते पाच पट होतो आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत त्याहूनही वर जातो. यात निसर्गाचा हिशेब आहे. बाळंतपणात रक्तस्राव होणार, म्हणून शरीर आधीच रक्त गोठवणारे घटक वाढवून ठेवतं आणि गोठणं आवरणारं प्रोटीन एस कमी करतं. वाढलेलं गर्भाशय ओटीपोटातल्या शिरांवर दाब देतं. गरोदरपणात गुठळी डाव्या पायात जास्त दिसते, कारण उजव्या पायाकडे जाणारी रोहिणी डावीकडची शीर ओलांडून जाते आणि तिला मणक्यावर दाबते. सिझेरियन म्हणजे वर आणखी एक शस्त्रक्रिया.

म्हणून ज्या स्त्रीला आधी गुठळी झाली आहे तिला पुष्कळदा गरोदरपणातच हेपरिनच्या जातीची इंजेक्शनं चालू ठेवतात आणि प्रसूतीनंतर किमान सहा आठवडे देतात. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनची गोळी गर्भापर्यंत पोहोचते, हेपरिन वार (प्लॅसेंटा) ओलांडत नाही, हा त्यातला कळीचा फरक. पण शस्त्रक्रियेच्या वेळी ही औषधं थांबवावीच लागतात, नाहीतर टेबलावरच रक्तस्राव आवरणार नाही. सेरेनाचं रक्त पातळ ठेवायचं रोजचं औषध सिझेरियनमुळे बंद होतं. तिच्या बाळाचे ठोके कळांच्या वेळी घसरू लागले म्हणून १ सप्टेंबरला तातडीने सिझेरियन करावं लागलं होतं. शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली, मुलगी सुखरूप होती. दुसऱ्या दिवशी मात्र औषध बंद, रक्त गोठायला टपलेलं, ताजी जखम आणि अंथरूण, असं सगळं एकत्र आलं.

खोलीबाहेरचं ते एक वाक्य

फुप्फुसातल्या गुठळीचा संशय किती धरायचा हे मोजायला डॉक्टर वेल्स गुणांकन वापरतात. पूर्वी गुठळी झाली असेल तर दीड गुण. गेल्या चार आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली असेल तर दीड. नाडी मिनिटाला १०० च्या वर असेल तर दीड. थुंकीतून रक्ताला एक, कर्करोगाला एक. पायात गुठळीची लक्षणं दिसत असतील तर तीन, आणि दुसरं कुठलंही निदान याहून कमी पटणारं वाटत असेल तर तीन. बेरीज चारच्या वर गेली की गुठळी आहे असं धरूनच पुढे जायचं.

मी सेरेनाचे गुण मांडून पाहिले. २०११ चा इतिहास दीड. कालचं सिझेरियन दीड. अचानक लागलेली धाप आणि तिचं दुसरं पटण्याजोगं कारण नाही, म्हणून तीन. झाले सहा. नाडीला हात न लावता, पायाकडे न बघता सहा. हे गुणांकन गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी बेतलेलं नाही, त्यामुळे हा आकडा तंतोतंत धरू नये. पण दिशा तो स्पष्ट दाखवतो. नर्सला जे बरळणं वाटलं, त्यात निदान, तपासणी आणि उपचार तिन्ही अचूक होते.

२०२२ च्या लेखात सेरेनाने तक्रार केली ती हीच, की तिचं कुणी ऐकत नव्हतं. अमेरिकेत बाळंतपणात किंवा त्यानंतर मृत्यू येण्याचं कृष्णवर्णीय स्त्रियांमधलं प्रमाण गोऱ्या स्त्रियांच्या जवळपास तिप्पट आहे, याचीही तिने त्यात आठवण करून दिली. जगप्रसिद्ध, पैसेवाली, स्वतःचा आजार पाठ असलेली स्त्री जिथे दोनदा-तीनदा सांगत राहते, तिथे बाकीच्यांचं काय होत असेल या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं. तरी तिने आपल्याला वाचवणाऱ्या डॉक्टर-नर्सचं कौतुकही केलं आहे, हेही सांगायला हवं.

आता पायाच्या सोनोग्राफीकडे येऊ. इथे त्या डॉक्टरांना सरसकट दोष द्यायला मी तयार नाही. पायाची डॉप्लर तपासणी, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, बिछान्यापाशी होते, किरणोत्सर्ग नाही, शिरेत काही टोचावं लागत नाही. पायात गुठळी सापडली तर उपचार तोच असतो, मग सीटीची गरजही उरत नाही. एका पायाला सूज असेल तर तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. चूक होते ती पुढे, पाय स्वच्छ दिसल्यावर निश्चिंत होण्यात. फुप्फुसात गुठळी सापडलेल्या कितीतरी रुग्णांच्या पायात तपासणीच्या वेळी काहीच नसतं. कधी होती ती सगळी सुटून वर गेलेली असते. कधी ती मुळात ओटीपोटातल्या शिरेत असते, आणि तिथे पायावर फिरणारं यंत्र पोहोचत नाही. बाळंतिणीच्या बाबतीत ही दुसरी शक्यता विशेष लक्षात ठेवावी लागते. डी-डायमर ही गुठळीचा माग काढणारी रक्ततपासणीही इथे कामाची नाही, कारण प्रसूतीनंतर आणि शस्त्रक्रियेनंतर ती वाढलेलीच येते. म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट सोडून फुप्फुसाच्या रोहिण्या दाखवणारा सीटीच हवा होता, आणि सेरेना तेच मागत होती.

हेपरिनची दुसरी बाजू

सीटीचा निकाल आल्यावर काही मिनिटांत हेपरिन सुरू झालं. हेपरिन गुठळी विरघळवत नाही. ते तिची वाढ थांबवतं आणि नवी धरू देत नाही. आधीची गुठळी शरीर स्वतःच हळूहळू विरघळवतं. एवढ्यानेही केवढा फरक पडतो हे १९६० साली ब्रिस्टलच्या बॅरिट आणि जॉर्डन या डॉक्टरांनी दाखवलं. फुप्फुसात गुठळी झालेल्या ज्या १९ रुग्णांना औषध दिलं नव्हतं त्यातले पाच त्याच आजाराने गेले. औषध दिलेल्या १६ जणांत गुठळीने एकही गेला नाही. औषध न देणं इतकं उघड अन्यायाचं दिसू लागलं की पुढे विनाऔषध गट ठेवणंच त्यांनी थांबवलं.

सेरेनाने इंजेक्शन मागितलं नाही, शिरेतून थेंब थेंब हेपरिन मागितलं, यातही अर्थ आहे. कातडीखाली टोचलेल्या हेपरिनचा परिणाम बराच वेळ टिकतो. शिरेतलं हेपरिन थांबवलं की काही तासांत उतरतं, आणि प्रोटामिन देऊन त्याचा असर लगेच मोडताही येतो. काल पोट उघडलेल्या बाईला रक्त पातळ करायचं औषध द्यायचं तर असं, हाताशी लगाम असलेलंच बरं.

कारण भीती खोटी नव्हती. २०११ मध्येही गुठळीच्या उपचारातूनच तिच्या पोटात रक्त साकळलं होतं आणि २८ फेब्रुवारीला तातडीने उपचार करावे लागले होते. या वेळीही तेच झालं, जास्त वाईट प्रकारे. फुप्फुसातल्या गुठळ्यांमुळे तिला जोरजोरात खोकल्याच्या उबळी येऊ लागल्या. खोकल्याच्या ताणाने सिझेरियनची जखम उघडली. पुन्हा शस्त्रक्रिया करताना पोटात मोठा रक्ताचा गोळा साकळलेला सापडला, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचाच तो परिणाम. म्हणजे एकाच वेळी फुप्फुसात रक्त नको तिथे गोठलेलं आणि पोटात हवं तिथे गोठत नाही, अशी कात्री. औषध वाढवावं तर पोटातला स्राव, थांबवावं तर पायाकडून आणखी एखादा तुकडा.

अशा वेळी एक यांत्रिक उपाय उरतो. जांघेच्या किंवा मानेच्या शिरेतून बारीक नळी घालून पोटातल्या मोठ्या शिरेत छत्रीच्या काड्यांसारखी तारेची गाळणी बसवतात. खालून सुटलेली गुठळी तिच्यात अडकते, हृदयापर्यंत जात नाही. सेरेनाला त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रियागृहात न्यावं लागलं. ही गाळणी सगळ्यांना बसवायची वस्तू नाही. औषध देता येत नसेल तरच, कारण कालांतराने तिच्यामुळेच शिरेत गुठळ्या धरू शकतात. सेरेनाची वेळ मात्र नेमकी ‘तरच’मधली होती.

सुमारे आठवड्याने ती घरी गेली. आई झाल्यानंतरचे पहिले सहा आठवडे तिने अंथरुणातच काढले.

आपल्या घरातली बाज

हे वाचताना मला आपल्याकडची बाळंतिणीची खोली आठवत राहिली. सव्वा महिना बाज, शेक-शेगडी, डोक्याला रुमाल, मालिशवाली बाई. त्या विश्रांतीमागे माया आहे आणि दमलेल्या बाईला तिची गरजही आहे. पण विश्रांती म्हणजे हलायचंच नाही असा अर्थ घेतला तर तो आता बदलायला हवा. सिझेरियन झालेल्या बाईला डॉक्टर दुसऱ्याच दिवशी उठवून चालवतात ते उगाच छळायला नाही. पोटरीचा पंप सुरू करायचा असतो. घरी आल्यावर तो बंद पाडू नये.

दुसरी गोष्ट मालिशची. बाळंतिणीच्या पायावर सूज येतेच, पण ती बहुधा दोन्ही पायांवर सारखी असते. एकच पाय सुजला, पोटरी दुखते, हाताला गरम लागते, तर तिथे तेल लावून रगडू नका. आधी डॉक्टरांना दाखवा. खोल शिरेत गुठळी असेल तर रगडण्याने तिचा तुकडा सुटण्याची भीती असते. पोटरीत गोळा आला, वात आला असं म्हणून हे दुखणं चार-चार दिवस घरात राहतं.

आणि धाप. बाळंतिणीला दम लागला की ‘अशक्तपणा आहे, खायला-प्यायला घाला’ असं आपण सहज म्हणतो. रक्त कमी असेल तर दम लागतोही, पण तो हळूहळू वाढत आलेला असतो. काल नव्हता आणि आज अचानक आला, श्वास घेताना छातीत टोचतं, काळजाची धडधड थांबत नाही, चक्कर येते, तर सकाळची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात न्यायचं. न्यायचं तिथे सीटी असावा. आधी कधी गुठळी झाली असेल, आई-भावंडांत कुणाला झाली असेल, तर ते विचारण्याआधी सांगायचं. नुसतं ‘पूर्वी आजारी होते’ एवढं पुरत नाही. ‘फुप्फुसात गुठळी झाली होती, अमुक औषध चालू होतं, अमुक दिवशी थांबवलं’ असं सांगायचं. केसपेपरवर ते लिहिलं गेलं की नाही हेही बघायचं. सेरेनाला वाचवलं ते या माहितीने, आणि ती तिने चिकाटीने पुन्हा पुन्हा सांगितल्याने.

गुठळी होऊन गेलेल्यांना किती महिने औषध द्यायचं हा वेगळाच विषय आहे. किमान तीन महिने तर द्यावंच लागतं. शस्त्रक्रिया किंवा प्लास्टरसारखं तात्पुरतं कारण होतं की नाही, आणि पुन्हा झाली का, यावर पुढचं ठरतं. दुसऱ्यांदा झालेल्या कितीतरी जणांना औषध आयुष्यभर चालू ठेवावं लागतं. ते मनाने बंद करू नये. दात काढायचा असला तरी आधी विचारावं.

मे २०१८

प्रसूतीनंतर नऊ महिन्यांच्या आत सेरेना फ्रेंच ओपनमध्ये उतरली ती गळ्यापासून घोट्यापर्यंत अंगाला घट्ट बसणाऱ्या काळ्या पोशाखात. अनेकांना ती फॅशन वाटली. तिने सांगितलं की पायातलं रक्ताभिसरण नीट राहावं म्हणून हा दाब देणारा पोशाख आहे, गुठळ्यांचा त्रास झाल्यापासून आपण खेळताना असं काहीतरी घालतोच. त्या ऑगस्टमध्ये फ्रेंच टेनिस संघटनेच्या अध्यक्षांनी असा पोशाख यापुढे चालणार नाही, खेळाचा आणि जागेचा मान राखला पाहिजे, असं जाहीर केलं. डिसेंबर २०१८ मध्ये महिला टेनिसची संघटना डब्ल्यूटीएने आपल्या नियमांत स्पष्ट केलं की लेगिंग्ज आणि दाब देणाऱ्या तोकड्या विजारी स्कर्टशिवायही घालता येतील.